बाळूच्या पट्ट्याचा कुंदा

रविवारी सकाळचा चहा झाला की बेळगावच्या टिळकवाडीतल्या सूरज सरांच्या घरात त्यांच्या आईच्या, आक्काताईंच्या, खोलीचं दार लागायचं, खिडकीचा पडदा ओढला जायचा आणि टीव्हीचा आवाज इतका बारीक व्हायचा, की तो ऐकायला मायलेकरांना श्वास धरून बसावं लागे. आत पूजा चाललेली नसे. आत एक उघडाबंब गोरा माणूस दुसऱ्या उघड्याबंब गोऱ्या माणसाच्या पाठीत लोखंडी खुर्ची घालत असे, आणि पंचेचाळिशी ओलांडलेले सूरज सर उशी छातीशी धरून "अरं मागं बघ की, मागं" असं कुजबुजत असत.

कुजबुजायला कारण होतं. सर शाळेत शिस्तीचे प्रमुख होते. मागच्या सहामाहीत आठवीतल्या एका पठ्ठ्यानं टीव्हीवर पाहून बाकावर चढून दुसऱ्या पठ्ठ्यावर झेप घेतली होती. खालच्याला काही झालं नाही, झेप घेणाऱ्याचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सरांनी सगळ्या शाळेसमोर दणदणीत भाषण केलं. "ही कुस्ती नव्हे, हा तमाशा आहे. कोण जिंकणार, कोण पडणार, सगळं आधी ठरलेलं असतं. शहाणी माणसं असलं बघत नाहीत." मग त्यांनी वर्गावर्गात फिरून पैलवानांच्या चित्रांचे पत्ते आणि पुठ्ठ्याचे सोनेरी पट्टे जप्त केले. संस्थेचे अध्यक्ष महादेवराव योगायोगानं त्या दिवशी शाळेत आले होते. त्यांनी सरांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "असा खमक्या माणूस पाहिजे बघा शाळेला." हेडमास्तरांची खुर्ची त्या वेळी नुकतीच रिकामी झाली होती, त्यामुळे ती थाप सरांच्या पाठीवर बरेच दिवस राहिली.

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. पण सरांची बाजूही ऐकायला हवी. दोन वर्षांपूर्वी त्यांचे वडील, मष्णूआप्पा, गेले. त्यानंतर सर घरात फक्त जेवायला आणि झोपायला येत. आईच्या खोलीत डोकावून "गोळी घेतलीस काय?" एवढं विचारत आणि उत्तराची वाट न पाहता निघून जात. आईशी बोलायला बसलं की आप्पांचा विषय निघणार आणि आपल्याला रडू येणार, हे त्यांना ठाऊक होतं. शिस्तीच्या प्रमुखाला रडणं परवडत नाही.

अशाच एका रविवारी ते मोबाइलचा चार्जर शोधत आईच्या खोलीत गेले. आक्काताई टीव्हीसमोर बसल्या होत्या. "ह्येचं कान बघ रं," त्या म्हणाल्या. "आमच्या बाळूसारखं मोडल्यात." बाळू म्हणजे त्यांचा सदलग्याचा धाकटा भाऊ. पंचक्रोशीत नाव असलेला पैलवान, आता देवाघरी. पडद्यावरच्या माणसाचं नाव कॅप्टन थंडर की असंच काहीतरी होतं, पण त्या घरात तो त्या दिवसापासून बाळू झाला. त्याच्याशी झुंजणारा दाढीवाला हा नुसता दाढीवालाच राहिला. सर कान बघायला म्हणून टेकले, ते चार्जर विसरून तासभर बसले.

आक्काताईंचा सगळा जन्म पैलवानांच्या घरात गेला होता. बापासाठी बदाम वाटायचे, भावासाठी दूध आटवायचं, लंगोट धुवायचे. पण मैदानात बायकांनी जायची रीत नव्हती, त्यामुळे कुस्ती कधी बघितली नव्हती. "लांबनं हलगी ऐकू यायची," त्या सांगत. "जोरात वाजाय लागली की कळायचं, कोणतरी पडलं. कोण पडलं ते घरात आल्यावर." आता सत्तरी उलटल्यावर त्यांना पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांनी कोण पडतंय ते दिसत होतं, तेही पाय पसरून, चहा पीत.

सरांच्या बायकोला, दिपालीला, हे मुळीच पटत नसे. ती बँकेत होती, तिथे तिला दिवसभर खरीखुरी भांडणं बघावी लागत. पोह्यांच्या बशा घेऊन आत आली की तिचा प्रश्न ठरलेला असे. "अवो, मोठी माणसं बघत्यात काय असलं? सगळं खोटं हाय की ते."

"खोटं हाय ते म्हाईत हाय मला," सर उशीमागून म्हणत.

"मग?"

सर पोह्यांची बशी पुढे ओढत. आक्काताईच म्हणत, "नाटकातला राजा तरी कुठं खरा असतोय गं? त्येला वनवास झाला की आपण डोळं पुसतावच न्हवं?"

बाळू मात्र राजा होण्याची लक्षणं दाखवत नव्हता. दर आठवड्याला तो कुस्ती जिंकत आणायचा आणि शेवटच्या क्षणी दाढीवाला पंचाची नजर चुकवून काहीतरी घोटाळा करायचा. सर हळहळायचे. दिवसभर त्यांना जेवण गोड लागायचं नाही. आक्काताई शांतपणे कप खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हरू दे रं. पुढच्या ऐतवारी बघू की."

आणि मग एका रविवारी बाळू जिंकला. दाढीवाल्यानं उगारलेली खुर्ची त्यानं वरच्या वर धरली, दाढीवाल्याला खांद्यावर घेतला, आपटला आणि वर बसला. पंचानं तीनदा हात आपटला. बाळूच्या कमरेला तो ताटाएवढा सोन्याचा पट्टा बसला. सर सगळी शिस्त विसरून पलंगावर उभे राहिले. आक्काताईंनी मात्र भिंतीवरच्या देवीच्या फोटोला हात जोडले आणि लांब श्वास सोडला.

"फिटलं गं आई," त्या म्हणाल्या. "सूरज, खाली उतर. कुंदा आण जा."

"आणतो की. अर्धा किलो आणू?"

"आख्ख्या गल्लीला पुरंल असा आण. नवस हाय. आधी गल्लीला कुंदा, मग देवीची ओटी."

सर पलंगावरून उतरले. "कसला नवस? बाळूचा?"

"ओटी भरंपतूर सांगायचा नसतोय," आक्काताई म्हणाल्या आणि त्यांनी ओठ मिटून घेतले.

सरांना काय समजायचं ते समजलं. आपल्या आईनं सातासमुद्रापलीकडच्या एका गोऱ्या पैलवानासाठी खानापूरकडच्या आपल्या गावदेवीला नवस बोलला होता. त्यांना हसू आलं, आणि खरं म्हणजे थोडं बरंही वाटलं, कारण मनातल्या मनात त्यांनीही एकदोनदा तसाच विचार केला होता. "घरातल्या घरात वाटूया की," त्यांनी करून बघितलं.

"देवीला घरातल्या घरात म्हटलं न्हाय. गल्ली म्हटलंय."

संध्याकाळी खडेबाजारातून कुंदा, बेळगावची ती खव्याची मिठाई, आला. आक्काताई पुढे आणि डबा घेतलेले सर मागे, अशी वरात निघाली. बेळगावात माणूस पेढे वाटतो तेव्हा लोक फक्त खातात, पण कुंदा वाटला की कारण विचारतात. पहिलंच घर जयाबाईंचं.

"कसला म्हणायचा हो कुंदा, आक्काताई?"

"नवसाचा. ओटी भरली की सांगते."

जयाबाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी जमिनीकडे पाहिलं. जयाबाईंना तेवढं पुरेसं होतं. त्यांच्या भावाचा मुलगा सरांच्याच शाळेत क्लार्क होता, आणि हेडमास्तरांच्या खुर्चीबद्दल गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं. मायलेकरं चौथ्या घरी पोचली तेव्हा तिथल्या काकांनी दारातच सरांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "शोभतंय हो तुम्हाला." सर म्हणाले, "तसं काही नाही हो." काका म्हणाले, "हेच. हेच आवडतं तुमचं."

रात्री निपाणीहून बहिणीचा, पूर्णिमाचा, फोन आला. "दादा, तू हेडमास्तर झालास ते मला जयाबाईच्या जावंकडनं कळायचं व्हय रं?"

"झालो न्हाय गं मी."

"मग कुंदा कसला वाटालास?"

सरांची पंचाईत झाली. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. "आईचा नवस हाय," ते म्हणाले.

"म्हणजे झालासच," पूर्णिमा म्हणाली आणि तिनं फोन ठेवून बाकीच्या नातेवाइकांना लावायला घेतला.

सोमवारी सर शाळेत शिरले तर शिपायानं गाडीचं दार उघडून धरलं. हे पूर्वी कधी घडलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेचे सर शाल कुठल्या रंगाची आणायची याची चर्चा करत होते. सर "नाही हो, खरंच नाही" म्हणत गेले आणि त्यांचा विनय वाढत गेला. शेवटी विज्ञानाच्या सौम्या मॅडम पुढे आल्या. नोकरीत सरांपेक्षा सीनियर, मुलांच्या लाडक्या, आणि खुर्चीवर खरं तर त्यांचाही तेवढाच हक्क. "छलो झालं, चांगलं झालं बघा सर," त्या हसून म्हणाल्या. "तुम्ही झालात म्हणजे आम्हीच झालो." हसणं चांगलं होतं, पण डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं. सरांना त्या क्षणी बाळूवर, देवीवर आणि कुंद्यावर एकदमच राग आला.

संध्याकाळी घराबाहेर महादेवरावांची जीप थांबली. अध्यक्ष कधी कुणाच्या घरी जात नसत. ते आले, सोफ्यावर बसले, काठी दोन्ही हातांनी समोर टेकली. दिपालीनं पाणी आणलं, ते त्यांनी तसंच ठेवलं.

"सर, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं झालं की हे," ते म्हणाले. "निवड समितीनं अजून तोंड उघडलं न्हाय, आणि तुम्ही गल्लीला कुंदा वाटून मोकळे?"

"साहेब, तो कुंदा त्याचा नव्हता. आईचा नवस होता."

"कसला नवस?"

आतल्या दारात आक्काताई उभ्या होत्या. "ओटी उद्या भरायची हाय, आण्णा," त्या म्हणाल्या. "तवर सांगायचा नसतोय."

महादेवरावांच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे खुर्चीसाठी देवीलाच मधी घातलंसा म्हणा. उद्या आम्ही दुसरं नाव काढलं तर लोक म्हणणार, अध्यक्षानं देवीचा नवस मोडला."

सरांच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख उभं राहिलं. गप्प बसावं तर आपली आई देवीकडून समितीवर दाब आणणारी बाई ठरते. बोलावं तर प्रार्थनेच्या वेळचं भाषण, जप्त केलेले पट्टे, पाठीवरची थाप, सगळं पाण्यात. त्यांनी आईकडे बघितलं. ती पदर नीट करत होती आणि कुणाला दोष न देता उभी होती. सरांनी खुर्चीवर पाणी सोडलं.

"साहेब, नवस खुर्चीचा नव्हे, पट्ट्याचा आहे. टीव्हीवर एक पैलवान आहे. त्याला काल पट्टा मिळाला. त्याचा कुंदा."

दिपालीनं कपाळावर हात ठेवला. आक्काताईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग ओटीची आठवण होऊन मिटलं.

"टीव्हीवरची कुस्ती?" महादेवरावांनी विचारलं. "ते एकामेकाला खुर्च्या घालत्यात ती?"

"होय."

"तुम्ही बघताय?"

"दर रविवारी."

"आणि शहाणी माणसं असलं बघत नाहीत, असं कोण म्हणालं होतं?"

"मीच म्हणालो होतो," सर म्हणाले. "ते चुकलं. झेप घेऊ नका एवढंच म्हणायला पाहिजे होतं."

महादेवरावांनी काठी बाजूला ठेवली आणि पाण्याचा तांब्या उचलून घटाघट रिकामा केला. मग त्यांनी असा उसासा टाकला की सोफा हलला. "सुटलो बघा," ते म्हणाले. "समितीनं शनिवारीच सौम्या मॅडमचं नाव नक्की केलंय. त्या सीनियर, दुसरं काय करणार? तुम्हाला कसं सांगावं म्हणून मी घोकत होतो, तेवढ्यात तुमचा कुंदा माझ्या घरापतूर आला. रातभर डोळ्याला डोळा न्हाय. म्हटलं, आता ह्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगू?"

सरांना वाईट वाटायला हवं होतं. त्यांनी आत चाचपून बघितलं, पण तिथे फक्त सौम्या मॅडमचं हसू आता डोळ्यांपर्यंत पोचेल एवढाच विचार सापडला. दिपालीनं न सांगता उरलेला कुंदा बशीत आणला. महादेवरावांनी पहिला घास घेतला आणि विचारात पडले.

"पण काय हो सर, खरंच मोठी माणसं बघत्यात अजून?"

"बघतात."

"खोटं असून?"

"खोटं आहे म्हणूनच असेल, साहेब. कुणाचा हात खरा मोडत नाही. आणि आठवडाभर शाळेत खरं काय ते मी बघतच असतो."

महादेवरावांनी मान डोलावली. "आमच्या यात्रेत परवा दोन मोठे पैलवान आणलते. तासभर नुसती खडाखडी, एकामेकाच्या मानंवर हात ठेवून उभे. शेवटी बरोबरीत सोडवली आणि दोघंबी फेटं बांधून घेऊन गेले. त्यापेक्षा खुर्ची घातलेली परवडली." ते उठले. दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाले, "त्या पोरांचे पत्ते तेवढे परत करून टाका."

मंगळवारी सकाळची अर्धी रजा काढून सर आईला घेऊन गावी गेले. देऊळ लहान, भोवती काजूची झाडं, आत देवी आणि बाहेर गुरव ज्योतिबा. आक्काताईंनी खण, नारळ, तांदूळ देवीच्या ओटीत घातले. ज्योतिबानं विचारलं, "आक्का, नवस कुणाच्या नावचा?"

कॅप्टन थंडर हे नाव देवीला कसं सांगावं या विचारात सर पडले होते. "बाळूच्या म्हण," ते आईच्या कानात म्हणाले.

"सूरजच्या नावचा," आक्काताई म्हणाल्या.

ज्योतिबानं गाऱ्हाणं घातलं, प्रसाद दिला आणि तो घंटेचा दोर नीट करायला गेला. सर आईकडे बघत राहिले. "आई, नवस बाळूचा होता न्हवं?"

"बाळूला नवस कशाला? तेंचं ते ठरवूनच असतंय की. मला काय कळत न्हाय व्हय?" आक्काताई पायरीवर बसल्या. आता सांगायला हरकत नव्हती. "तुझं आप्पा गेल्यापास्नं तू माझ्यासंगं बोलत न्हवतास. दारातनं गोळीचं विचारायचास नि जायचास. त्या दिशी चार्जर हुडकत आलास, बसलास, हसलास. मग मी देवीला म्हटलं, आई, बाळूच्या कमरंला पट्टा बसंपतूर तरी ह्याला ऐतवारचं माझ्याजवळ बसू दे. कुंदा वाटीन."

सर आईकडे वळले. "म्हणजे, बाळू जिंकावा असं तू म्हणत न्हवतीस?"

"मी कशाला म्हणू? मी तर हरू दे म्हणत हुते. बघताना लई हरणारा दिसला म्हणून तर त्येचं नाव घेतलं. म्हटलं, ह्येला पट्टा मिळायला चार वर्सं तरी जातील." त्यांनी देवळाच्या आत बघून हात जोडले. "गरीब माणूस. त्येच्या मारावर मी दिवस काढलं, पाप लागायचं मला. पण देवीनं शब्द पाळला. मग आपण पाळाय नको?"

"आणि काल मी अध्यक्षांना सांगितलं ते?"

"मला बोलता येत न्हवतं की. तू माझ्यासाठी खुर्ची सोडलीस ते बघितलं मी." मग पदराच्या काठाशी चाळा करत, सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "आता पट्टा मिळाला. आता तुलाबी ऐतवारी काय काय कामं असतील."

सर तिच्या शेजारी पायरीवर बसले. शिस्तीच्या प्रमुखाचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "असं कसं? दाढीवाल्यानं परत आव्हान दिलंय," ते म्हणाले. "पट्टा मिळवणं सोपं असतंय आई, राखणं लई अवघड. बाळूला एकट्याला सोडून चालंल काय?"

"किती दिस राखाय लागंल?"

"जन्मभर लागतंय ते."

आक्काताई हसल्या आणि उठण्यासाठी त्यांनी लेकाच्या खांद्यावर हात टाकला. निघताना सरांनी देवीसमोर हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काही मागायचं नव्हतं, नुसते आभार मानायचे होते. ते मानून झाल्यावर, देवीला राग येणार नाही इतक्या हळू, त्यांनी त्या सातासमुद्रापलीकडच्या उघड्याबंब माणसालाही हात जोडले. बिचाऱ्यानं इतके रविवार पाठीत खुर्च्या खाल्ल्या होत्या आणि त्या कुणासाठी खाल्ल्या हे त्याला कधीच कळणार नव्हतं.